आडनाव विचारणारा देश

बीबीहून, माझ्या सासरच्या गावाहून, फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. सासूबाईंच्या शेजारचे काका सांगत होते, त्यांची तब्येत जराशी नरम आहे, जमलं तर दोघंही निघा. जराशी नरम म्हणून देऊळगाव राजाहून नवरा-बायकोला शाळा-बँक सोडून कुणी बोलावत नाही. सासूबाईंनी असल्या फोनवर कधीच विश्वास ठेवला नसता. "हा काहीतरी लपवून राह्यला," असं म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. काका लपवतच होते... आम्ही पोचलो तेव्हा अंगणात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या.

मी सासूबाईंना आत्याबाई म्हणायचे. संशय घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आलेला गॅसचा सिलिंडर त्या हलवून बघायच्या, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी दुसऱ्या मेडिकलवाल्याला दाखवून यायच्या, आणि मी नवी नवरी होते तेव्हा माझी प्रत्येक भाकरी उलटून बघायच्या. मला भयंकर राग यायचा. हळूहळू कळलं की हे सगळं वरवरचं होतं, खरा संशय वेगळाच होता. मुलगा मिलिंद, म्हणजे माझा नवरा, जालन्याला शिकायला गेला तेव्हा त्याच्यासाठी खोली शोधत त्या वणवण फिरल्या होत्या. घरमालकाला पोरगा पसंत, भाडं पसंत, मग सहज विचारल्यासारखं विचारायचं, आडनाव काय म्हणालात? आडनाव सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर काहीतरी व्हायचं. बोलणं गोडच राहायचं, चहासुद्धा घ्या म्हणायचे, पण खोली नेमकी त्याच दिवशी भाच्याला लागणार असायची. तेव्हापासून आत्याबाई माणसाच्या बोलण्याकडे लक्ष देत नसत, तोंडाकडे बघत. ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. काही वाचकांनी एव्हाना अंदाज बांधायला सुरुवात केली असेल, असा माझा आपला संशय आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, दुसरं काय.

त्यांची एकच हौस होती. जिथं सगळे बौद्धच आहेत असा एक देश जिवंतपणी बघायचा. "तिथं आडनाव कोन पुसते?" असं त्या पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, आणि तेवढ्यापुरता त्यांच्या आवाजातला संशय जायचा. म्हणून दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही थायलंडला गेलो. आर्या सहा वर्षांची होती, सम्यक तीनचा. आत्याबाई पांढरं स्वच्छ लुगडं नेसल्या होत्या, विहारात जाताना नेसतात तसं. विमानात हवाईसुंदरीनं दिलेलं पाणी त्या झाकण पक्कं आहे का ते तपासूनच प्यायल्या, पण चेहरा लग्नघरातल्या करवलीसारखा फुललेला होता. बँकॉकला टॅक्सीत बसल्या आणि समोर काचेशी छोटीशी बुद्धमूर्ती दिसली. त्यांनी ड्रायव्हरला हात जोडले. त्यानंही स्टिअरिंग सोडून जोडले, आणि मी पुढची सीट घट्ट धरली.

हॉटेलच्या दारातच घोटाळा झाला. तिथं एका उंच चौथऱ्यावर चार तोंडांचा ब्रह्मदेव, गळ्यात झेंडूच्या माळा, समोर उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली. पलीकडे चक्क गणपती. बावीस प्रतिज्ञा ज्यांना तोंडपाठ होत्या, आणि घरातले देव ज्यांच्या बापानं स्वतःच्या हातानं नेऊन नदीत सोडले होते, त्या बाई जागीच थांबल्या. मिलिंदनं समजावलं की इथले लोक बुद्धालाही मानतात आणि यांनाही, इकडची रीतच तशी आहे. आत्याबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानंच तो चौथरा बांधला होता. तेवढ्यात सम्यकनं जाऊन सरबताची बाटली उचलली. ती त्याच्या हातून सोडवताना त्यानं जे भोकाड पसरलं, ते आत काउंटरपर्यंत चालूच होतं.

काउंटरवरच्या मुलीनं हसून आमचे पासपोर्ट मागितले. मिलिंदचं झालं, माझं झालं, मुलांचं झालं. मग आत्याबाईंचा पासपोर्ट उघडून नाव कुठलं आणि पुढचं कुठलं, याची खात्री करायला तिनं विचारलं, सरनेम? एवढा एक इंग्रजी शब्द आत्याबाईंना पक्का माहीत होता. त्यांनी पुढं होऊन पासपोर्टवर पंजा ठेवला.

"काऊन पाह्यजे तिले आडनाव?"

मिलिंद म्हणाला, माय, सगळ्यालेच विचारते, हॉटेलचा नियम आहे.

"आमाले शाळेत दाराजवळ बसवत, तवा बी नियमच म्हणत," त्या म्हणाल्या, आणि पासपोर्ट उचलून सोफ्यावर जाऊन बसल्या. खोलीत जायचं नाही. परत फिरायचं.

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला होता, हे कबूल करायला हरकत नाही. रात्रभराचा प्रवास, आर्याला भूक, सम्यकचं रडणं, आणि ही म्हातारी सातासमुद्रापार येऊन रुसून बसलेली. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं तर त्या रुसल्या नव्हत्या. हयातभर जपलेली एकुलती एक जागा गेली, असं ते बसणं होतं. तशात रडून रडून सम्यक लादीवरच ओकला. मी पिशवीत रुमाल शोधेपर्यंत ती काउंटरवरची मुलगी धावत आली, गुडघ्यावर बसली, स्वतःच्या हातानं तिनं त्याचं तोंड पुसलं, आपल्या पेल्यातलं पाणी पाजलं, आणि उरलेलं पाणी उठता उठता स्वतः पिऊन टाकलं. अगदी सहज, आपल्या भाच्याचं उष्टं प्यावं तसं... आत्याबाई एकटक बघत होत्या. मला वाटलं, आता विरघळल्या. त्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "तिले ठाव नसंन अजून."

"काय ठाव नसंन?"

"आपण कोन आहो ते."

त्या उठल्या, पदर सावरला, काउंटरपाशी गेल्या आणि आपलं आडनाव मोठ्यानं सांगितलं. मुलीला ते उच्चारता येईना. तिनं पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा सांगितलं, एकेक अक्षर तोडून, आणि सगळा वेळ नजर तिच्या तोंडावरून हलवली नाही. आर्या त्यांचं लुगडं धरून शेजारी उभी होती. मुलगी ते आडनाव कशीबशी म्हणाली, स्वतःच्याच उच्चाराला हसली, आणि किल्ली पुढं केली. आत्याबाई वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. लिफ्टमध्ये त्या आर्याला सांगत होत्या, "म्या तिच्या तोंडाकडं पाह्यलं. काहीच झालं नाही वं."

पुढचे दिवस मजेत गेले. चारतोंड्या देवाला मात्र त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही, जाता-येता मान वळवायच्या. परतल्यावर बीबीत ज्यानं त्यानं विचारलं, काय काय पाहिलं? आत्याबाई मंदिरं, समुद्र, हत्ती काहीच सांगत नसत. एका पोरीनं आडनाव विचारलं, एवढंच सांगत. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला दगदग मानवली नाही.

त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. परवा आमच्या समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. त्या बाई साखर मागायला दारात आल्या. मी आत डबा काढत होते. बाहेर त्यांनी आर्याला शाळा विचारली, इयत्ता विचारली, आणि मग गोड आवाजात आडनाव विचारलं. आर्यानं ते खणखणीत सांगितलं, एकेक अक्षर तोडून. मग चपलांचा आवाज आला... मी साखर घेऊन बाहेर आले तेव्हा बाई निघून गेल्या होत्या, आणि आर्या दाराला टेकून समोर बघत उभी होती.

"काही झालं का गं?" मी विचारलं.

"हो," आर्या म्हणाली. "झालं."