फोडलेला माल

चांगुणाबाईच्या दुकानात दोन जातींची गिऱ्हाइकं यायची, आणि जात हा शब्द इथे मुद्दाम वापरलाय. एक भीमनगरातली. ती रोज संध्याकाळी मजुरी हातात पडली की यायची आणि दहाचं तेल, पाचची चहापत्ती, पावशेर साखर असं घेऊन जायची. दुसरी वरच्या आळीतली. ती कधीमधी, मंठ्याच्या बाजाराला जायचं राहिलं तर यायची, आणि त्यांचं मागणं ठरलेलं असायचं. काडेपेटी, साबण, बिस्किटाचा पुडा, पिशवीबंद तेल. ज्याचं तोंड कारखान्यातच बंद झालंय, तेवढंच. सुटी साखर, सुटा रवा, डब्यातलं तेल यातलं काहीही वरच्या आळीने चांगुणाबाईच्या हातून कधी घेतलं नाही.

का, ते कोणी बोलत नसे. विचारलं असतं तर म्हणाले असते, सीलबंद माल स्वच्छ असतो. हेच लोक मंठ्याच्या बाजारातून गोणीतली उघडी साखर आणायचे, मुंग्यांसकट. तिथल्या मुंग्या चालत होत्या, इथला हात चालत नव्हता. चांगुणाबाईला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती मूळची राजूरकडची. तिची आई चतुर्थीला तिथल्या गणपतीच्या गर्दीत भाजलेले शेंगदाणे विकायची, आणि पुडी बांधायला चांगुणा तिथे शिकली. तिची पुडी उलटी धरली तरी दाणा सांडत नसे. लग्न होऊन या गावात आली ती थेट दुसऱ्यांच्या कापसात निंदायला. सगळ्यात जास्त दिवस बद्रीनाथच्या शेतात गेले, कारण गावात सगळ्यात जास्त शेत त्याचंच. तिथे पाणी वरून ओंजळीत पडायचं आणि ती ते खाली बसून प्यायची. पुढे बायकांचा बचत गट झाला, घराची पुढची खोली दुकान झाली आणि चांगुणाबाईने खुरपं ठेवून दिलं. नवरा साहेबराव गवंड्याच्या हाताखाली जायचा. बायकोला चिडवणं हा त्याचा जोडधंदा होता. ‘शेठाणी,’ तो म्हणायचा, ‘आमाला बी जरा उधारीवर चहा टाका.’

मग कोरोना आला. सगळं बंद होणार, हे टीव्हीवर सांगून झालं आणि गावाच्या अंगात वारं शिरलं. मंठ्याची दुकानं तासाभरात धुऊन निघाली. कुणी म्हणालं मीठ मिळणार नाही, कुणी म्हणालं तेल संपलं. ज्यांच्या घरात दोन वर्षांचे गहू होते त्यांनी आणखी गहू घेतले. भरल्या पोटाची भीती भुकेल्या पोटापेक्षा मोठी असते, हे गावाने त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथचा मुलगा कल्याण मोटारसायकल घेऊन चांगुणाबाईच्या दारात आला. पुण्याहून त्याचा भाऊ बायकापोरांसकट आला होता, घर भरलं होतं.

‘काकू, तेलाच्या पिशव्या हायत तेवढ्या सगळ्या द्या. चहाचे पुडे बी. बिस्किटं बी.’

काकू! बद्रीनाथच्या घरातून तिला आजवर कोणी काकू म्हटलं नव्हतं. चांगुणाबाईने पदर सावरला आणि हसतमुखाने सगळं काढून दिलं. वर पिशवी पण स्वतःची दिली. कल्याण गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या फळीकडे बघत उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी गिरिजाबाई आली, हातात नेहमीची बाटली घेऊन. गिरिजाबाई म्हणजे विधवा बाई, दोन नातवंडं पदरात, आणि मजुरी बद्रीनाथच्याच शेतावर.

‘दहाचं त्याल दे, चांगुणा.’

चांगुणाबाईने डबा तिरपा केला. तळाशी ओशट थर होता, बाकी काही नाही. डबा भरायचा तो त्या पिशव्या फोडूनच, आणि पिशव्या तर वर गेल्या होत्या.

‘संपलं,’ ती म्हणाली.

गिरिजाबाईने कुरकुर केली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त ‘बरं’ म्हणाली आणि बाटलीला बूच लावून परत गेली. रोज ज्या बाईने आपलं दुकान चालवलं तिला आपण रित्या हाताने पाठवलं, आणि ज्याने कधी ढुंकून पाहिलं नाही त्याला पिशवीसकट सगळं दिलं, एका ‘काकू’साठी. चांगुणाबाईला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती. तिने चूल पेटवली नाही. साहेबरावने विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मला मूर्ख बनवलं. न्हाई, मीच बनले.’

नशिबाने एक गोष्ट आधीच झाली होती. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. भीमनगरात दरवर्षी सगळ्यांसाठी शिरा व्हायचा आणि त्याचा माल चांगुणाबाई नव्या जालन्याच्या घाऊक व्यापारी राधेश्यामशेठकडे महिनाभर आधी सांगून ठेवायची. शेठने शब्द पाळला. काचेवर ‘अत्यावश्यक सेवा’ चिकटवलेला टेम्पो गावात आला आणि तिच्या दारात उभा राहिला. साखर, रवा, डाळ, चहापत्ती, तेलाच्या पेट्या. ड्रायव्हर म्हणाला, ‘शेठनी सांगितलंय, यानंतरचं काय खरं न्हाई.’

टेम्पोची धूळ बसायच्या आत कल्याणची मोटारसायकल हजर.

‘काकू, सगळं घेतो. आत लावूच नका. आबा ट्रॅक्टर पाठवून राह्यले.’

‘सगळं?’

‘जयंती तर बंद हाय ना यंदा. तुमाला काय करायचं एवढं?’

चांगुणाबाई आत गेली, कात्री घेऊन आली, उंबऱ्यावर बसली आणि पहिली पिशवी उचलून तिचा कोपरा कापला. तेल डब्यात पडायला लागलं. मग दुसरी. मग तिसरी. चहाचे पुडे फोडून पत्ती बरणीत ओतली. डाळीची पाकिटं फोडली. रव्याची फोडली. साखरेच्या गोणीचं तोंड उसवलं.

साहेबराव धावत आला. ‘अगं येडी झाली का? फोडलेला माल शेठ वापस घेत न्हाई. खपला न्हाई तर आपण उघडे पडू, बिलकुल उघडे.’

‘ठाऊक हाय मला.’

‘मंग काऊन फोडून राह्यली?’

‘बंद राह्यला तर ट्रॅक्टरमधी जातो,’ ती म्हणाली. ‘फुटल्यावर जात न्हाई.’

कल्याण आधी हसत होता. पाचव्या पिशवीनंतर त्याचं हसू गेलं. शेवटचं पाकीट फोडून झाल्यावर चांगुणाबाईने कात्री पदराला पुसली आणि विचारलं, ‘आता सांग बाबा, किती पायजे? बाटली आणली का?’

त्याने बाटली आणली नव्हती.

त्या दिवसापासून दुकानाचा कायदा झाला. दारासमोर चुलीतल्या राखेने गोल आखले, एका गोलात एक माणूस. स्टुलावर एक परात. चांगुणाबाई पुडी बांधून परातीत ठेवणार आणि मागे सरणार, गिऱ्हाईक पुढे येऊन उचलणार. नाणी साबणाच्या पाण्यात. सरकार अंतर ठेवा म्हणत होतं ना, हे घ्या अंतर. गावाने तिला आयुष्यभर हेच शिकवलं होतं. फरक एवढाच की आता ते सगळ्यांना सारखं होतं. आणि कुणीही असो, आजच्यापुरतंच मिळणार. उद्याचं उद्या.

बद्रीनाथ स्वतः आला तो गोलांच्या बाहेर उभा राहिला.

‘चांगुणा, हा काय तमाशा लावला? माझ्या घरात बारा-पंधरा माणसं हायत.’

‘तर बारा-पंधरा माणसांचं आजचं घ्या, बद्रीनाथभाऊ. मी कुटं नको म्हणून राह्यले?’

भाऊ! आजवर ती त्याला मालक म्हणायची. रांगेतली माणसं जमिनीकडे बघायला लागली, पण कान सगळ्यांचे इकडेच.

‘आमच्याकडं सुटं कोणी खात न्हाई. माझी माय तर—’

‘मंग नका खाऊ.’

‘तक्रार करीन. माल दाबून ठिवला म्हणून सांगीन.’

‘जल्दी करा,’ चांगुणाबाई म्हणाली. ‘मागं माणसं उभी हायत.’

तो गेल्यावर साहेबराव गालात हसला. ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी.’

‘मंग मी गाढव का?’

साहेबरावने मुकाट्याने परात पुसायला घेतली.

तक्रार खरंच झाली. जीप आली, हवालदाराने काठी आपटून विचारलं, साठेबाजी कोण करतंय? चांगुणाबाईने त्याला आत नेलं. उघडे डबे, उघड्या बरण्या, उघडी गोणी. ‘फोडलेल्या मालाची साठेबाजी कशी करत्यात, साहेब? मला बी शिकवा.’ हवालदाराने रिकाम्या पिशव्यांचा ढीग पाहिला, राखेचे गोल पाहिले, आणि तोंडावरचा रुमाल सारखा करत म्हणाला, ‘चालू द्या.’ साठा कुठे असेल हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण जीप वरच्या आळीकडे वळली नाही. अशा जीपा तिकडे वळत नसतात.

वरच्या आळीने मग युक्ती काढली. एक दिवस गिरिजाबाई रांगेत आली आणि खाली बघत म्हणाली, ‘माझं त्याल दे, आन बद्रीनाथमालकाच्या घरची चहापत्ती दे.’

‘तुझं घे. त्यायची त्यायला नेऊ दे.’

‘चांगुणा, मला त्यायच्याच शेतात जायचं हाय.’

चांगुणाबाईचा हात थांबला. हे खरं होतं, आणि गिरिजाबाईला नाही म्हणणं सोपं नव्हतं. पण एकदा ही वाट उघडली की उद्या भीमनगराच्या बायका आळीचा किराणा वाहत बसणार, हे तिला दिसत होतं. ‘माझं नाव सांग,’ ती म्हणाली. ‘म्हणावं, चांगुणाच देत न्हाई. गहू काढायला त्यायला तरी दुसरं कोण भेटतंय आता?’

आणि तसंच झालं. मजूर मिळत नव्हते, गहू उभा होता, गिरिजाबाईला कोणी काही बोललं नाही. इकडे बद्रीनाथच्या घरात तेल पिंपभर होतं, बिस्किटं होती, पण चहा संपला होता. त्याची म्हातारी आई सोनूबाई चहाशिवाय डोळा उघडत नसे. म्हणे घरात तिने भांडी आपटायला सुरुवात केली होती.

चौदा एप्रिल उजाडला. पंचशील घरोघरी झालं. शिऱ्याची कढई चढली नाही, आणि चांगुणाबाईला ते दुकान उघडताना फार लागलं. म्हणून तिने एक केलं. रवा आणि साखर यांची एकेक जोडपुडी बांधली, रांगेत येणाऱ्या प्रत्येक घरासाठी, बिनपैशाची. आपापल्या चुलीवर शिरा करा, जयंती झाली.

त्या दिवशी रांगेत बद्रीनाथ उभा होता. गोलाच्या आत. त्याच्या पुढे गिरिजाबाई. तिने परातीतली पुडी उचलली आणि ‘जय भीम’ म्हणून बाजूला झाली. बद्रीनाथ पुढे आला.

‘चहापत्ती.’

चांगुणाबाईने पत्तीची पुडी बांधली, त्याच परातीत ठेवली. शेजारी रवा-साखर ठेवली आणि मागे सरली. बद्रीनाथने नाणी टाकली, चहाची पुडी उचलली.

‘ती राह्यली,’ चांगुणाबाई म्हणाली.

‘आमाला फुकटचं नको.’

‘फुकटचं न्हाई. जयंतीचं हाय.’

‘राहू दे. आमच्या घरी शिरा रोज होऊ शकतो.’

‘होत असंल. पण आज एकली पुडी सुटत न्हाई. दोन्ही उचला, न्हाई तर चहा बी ठिवा परातीत.’

या माणसाच्या बांधावर चांगुणाबाई ओंजळ पसरून पाणी प्यायली होती, आणि उद्या काय होईल याची तिला भीती वाटत होती. पण ती जागची हलली नाही. बद्रीनाथने हातातल्या पुडीकडे पाहिलं, आळीच्या दिशेने पाहिलं. मग खाली वाकून दुसरी पुडी उचलली आणि चालता झाला.

‘उकिरड्यावर टाकंल,’ साहेबराव म्हणाला.

‘टाकू दे. उचलली तर खरी.’

तिने तसं म्हटलं, पण दिवसभर तिच्या डोक्यातून ती पुडी गेली नाही. आपल्या हातच्या रव्याला उकिरडाच मिळणार असेल, तर उचलायला लावून आपण काय जिंकलो, हे तिचं तिलाच उमगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी काठीचा आवाज आला. पहिल्या गोलात सोनूबाई उभी होती, पदर नाकावर ओढून. कधी नव्हे ते वरच्या आळीतून एकटी चालत आली होती. चांगुणाबाई दारातच थबकली.

‘काय देऊ, माय?’

‘चहापत्ती दे. जरा जास्त दे. आमच्या बद्रीला काय आणता येत न्हाई.’

‘आजच्यापुरती देईन.’

‘बरं, आजच्यापुरती दे.’

चांगुणाबाईने पुडी बांधली, परातीत ठेवली, मागे सरली. म्हातारीने पुढे येऊन ती उचलली, कनवटीला लावली. जायला वळली आणि पुन्हा थांबली.

‘आन कालचा रवा लई बारीक होता, चांगुणाबाई. शिऱ्याचा गोळा झाला. जाडा आणत जा.’

चांगुणाबाईने स्टूल सरळ केलं, परात पुसली.

‘पुढच्या जयंतीला आणते,’ ती म्हणाली. ‘तुमी रांगेत या.’