बाबांना न मारता लिहिलेलं पान

गल्लीत तिला सगळे ‘कवळीवाली’ म्हणतात. एका लॅबमध्ये ती लोकांचे खोटे दात बनवते. आता चौतिशीत तिला त्याच कामाची पदवी घ्यायचीय, आणि कॉलेजला एका पानाचं निवेदन हवंय: तुम्हाला हे का शिकायचंय?

रविवारी दादा ते स्वतःच लिहून घेऊन आला. ‘‘ऐक. ‘बालपणीच पितृछत्र हरपलेल्या मला समाजसेवेची ओढ...’ ’’

पेपरामागून बाबा म्हणाले, ‘‘मी कधी गेलो?’’

‘‘बाबा, मध्ये बोलू नका. निवड समितीला रडू यायला हवं.’’

‘‘मग जेवणानंतर मरतो. आत्ता भूक लागलीये.’’

वहिनीला हसू आवरेना. कवळीवालीनं दादाच्या कागदाला घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. ‘‘हं. आता लिहिता येईल.’’

लॅपटॉप उघडून पहिल्याच ओळीत तिनं एक निवृत्त शिक्षिका आणल्या. कवळी सारखी परत करायच्या. दात सरळ, पांढरेशुभ्र. तरी बाईंचं एकच, ‘हे हसू माझं नाही.’ शेवटी तिनं त्यांचा जुना फोटो मागवला आणि समोरचा एक दात जरासा वाकडा बसवला. लॅबचे मालक खवळले. बाईंनी आरसा घेतला, तो खाली ठेवायलाच तयार होईनात.

मग तिनं लिहिलं, की फोटो नसता तर मी हात टेकले असते. ओठ, जबडा, चेहरा, सगळं मी अंदाजानं जुळवते. आणि शेवटी: अंदाज पुरे झाला, म्हणून तुमच्याकडे यायचंय.

दादानं वाचून कपाळाला हात लावला. ‘‘वाकडा दात? अगं, स्वतःची चूक कोण लिहून देतं?’’

‘‘चूक कसली? आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते.’’

‘‘आणि नम्र विनंती? कृपया? काहीच नाही?’’

‘‘शिकायला चाललेय दादा, हात पसरायला नाही.’’

‘‘सीट गेली तर?’’

‘‘गेली तर माझ्या लिहिण्यानं जाईल. बाबांना मारून मिळालेल्या सीटवर मी बसणार नाही.’’

बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘‘पाठव गं. मी आहे तोवर पाठव.’’

तिनं बटण दाबलं. टेबल जरासुद्धा हललं नाही.