कानबाईची फिर्याद

नोकरीतल्या पुष्कळ फिर्यादी आता पुसट झाल्या आहेत. नव्वदच्या दशकात, सुरतेत फौजदार असताना आलेली ही एक मात्र लख्ख आठवते.

श्रावणातला शनिवार होता. नवागामचा एक यंत्रमाग कारागीर म्हाताऱ्या आईला घेऊन ठाण्यात आला. त्यांची कानबाई, म्हणजे खानदेशातून आणलेला, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला देवीचा नारळ, सोन्याच्या नथीसकट घरातून गेला होता. दुसऱ्याच दिवशी कानबाई बसायची होती. संशय धाकट्या भावाच्या बायकोवर. ती बौद्ध घरातली, म्हणून लग्नापासून थोरल्याने धाकट्याशी संबंध तोडलेले.

"तिला आत टाका साहेब. आमच्या देवाला ती मानत नाही."

आई खाली मान घालून बसली होती.

संध्याकाळी खबऱ्याने सांगितलं, नारळ बमरोलीत धाकट्याच्या खोलीत आहे. पंच आणि महिला शिपाई घेऊन गेलो. नारळ समोरच होता. धाकटा पाळीवर गेलेला. त्याची बायको साडीवर टिकल्या लावत बसली होती.

"कुणी आणला?"

"मी चोरला नाही."

"मग कुणी?"

"ते सांगणार नाही. मला न्यायचं तर न्या."

मुद्देमाल घरात सापडला होता. अटकेला एवढं पुरे होतं. पण पंचनामा लिहिताना माझी नजर मांडणीवर गेली. चौरंग, त्यावर गहू, नारळाला नीट नेसवलेलं वस्त्र. आमच्याही घरी कानबाई असते. ही मांडणी घरातली जाणती बाईच करते.

"पूजा तू मांडलीस?"

"मी हात जोडत नाही. पुरणाची डाळ तेवढी निवडून दिली."

"कुणाला?"

ती पुन्हा टिकल्या लावू लागली.

तिला ठाण्यात आणलं, अटक दाखवली नाही. फिर्यादीला आईसह पुन्हा बोलावलं. सुनेला बाकावर पाहताच म्हातारी म्हणाली, "तिले सोड भाऊ. कोनी चोरी नई. मीच लई गयथू." नारळ तिनेच धाकट्याकडे नेला होता.

थोरला चिडला. "माय, कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांनीच खायचा असतो!"

"मंग तो तुना भाऊ नई का?"

"आणि ती? ती तर नमस्कारही करत नाही."

"नको करू दे. तिना धरम तिनापाशी. मना पंगतमा ती मन्ही सूनच शे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत टाकनं व्हई ते माले टाक. पन सकायले सोडी दे, रोट करना शेतस."

महिला शिपाई तोंड फिरवून हसली.

नारळ आणि नथ म्हातारीला तिच्या सासूने दिलेली. चोरी झालीच नव्हती. तसा जबाब घेऊन मी प्रकरण मिटवलं. थोरला एकटाच निघून गेला. म्हातारी नारळ घेऊन सुनेबरोबर बमरोलीला गेली.

श्रद्धा जशी मिळाली तशीच पुढे द्यायची, असं मी तोवर मानत होतो. त्या बाईने सासूकडून आलेलं सगळं सांभाळलं आणि पंगत वाढवली. हे मला लगेच पटलं नाही. पटायला वर्षं गेली.

पत्नी गेल्यानंतरचा हा पहिला श्रावण. तिच्या शेवटच्या आजारात शेजारच्या मुसलमान बाई तिला रोज चमच्याने भरवत असत. यंदा कानबाई मीच मांडणार आहे. रोटाच्या जेवणाला त्यांना बोलावलं आहे.

"आऊंगी भाईसाहब," त्या म्हणाल्या. "मीठा कम रखना, मुझे शुगर है."

भाऊबंदांचे फोन आले. बोलावणं मागे घ्या म्हणाले. मी सांगितलं, यंदा पुरण कमी गोड असेल.