पैलवानाचं दूध

सांगलीच्या स्टँडवर शेजारी बसलेली साठीची बाई प्लास्टरमधला हात सारखा पदराखाली झाकत होती. गोठ्यात तोल गेला, नुसता हात टेकला, तर मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, गोळ्या घ्या, दूध प्या, पुन्हा पडलात तर खुबा मोडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मावशी, घरात दूध नाही?"

"दोन म्हशी हायत की! पर नातू तालमीत जातो. दूध त्याचं."

"आणि तुमचं?"

"मला काय कुस्ती खेळायचीय व्हय, बाळा?"

ती हसली. धार काढणारीचीच हाडं पोकळ, या विचारानं मला बसवेना. मी उठलो आणि कॅन्टीनमधून पेलाभर दूध आणून तिच्या धडक्या हातात दिलं. तिनं घोट घेतला आणि चोरी केल्यासारखं आजूबाजूला पाहिलं.