शेवटचा वाफा

अचलपूरच्या वर्षालीला सगळ्यांच्या आधी सुटायची सवय होती, आणि त्याच सवयीने तिचा घात केला. घर भाजीवाल्याचं. भाजीच्या लिलावात, हर्रासीत, ज्याचं गाठोडं आधी, त्याला भाव. म्हणून लहानपणापासून ती डोक्यावर मेथी घेऊन धावतच सुटायची. लडाखच्या डोंगरी शर्यतीतही तशीच सुटली. पहिल्या चढावर सगळ्यांच्या पुढे, दुसऱ्यावर छाती धरून रस्त्याच्या कडेला. पहिल्या तिघींना तिथल्या शिबिरात वर्षभर सराव मिळणार होता. ही हात हलवत घरी आली.

"आता पुढच्या वर्षीची एकच शर्यत उरली," तिच्या प्रशिक्षक सत्यवती मॅडम म्हणाल्या. "मंग तुह्यं वय बसत नाही."

त्या रागातच ती वांग्यांना पाणी द्यायला गेली आणि फावड्याने पाण्याचा दांड सताड उघडला. पाणी उसळलं, पहिल्याच वाफ्याचा बांध फुटला, पुढचे वाफे कोरडेच राहिले.

"काहून वं, सारं पानी इथंच ओतून राहिली?" तिची माय, जमुना, कडाडली. "शेवटच्या वाफ्याले काय पाजशील, तुहे आसू?"

वर्षालीने फुटलेल्या बांधाकडे आणि पुढच्या कोरड्या वाफ्यांकडे पाहिलं. मग खुदकन हसली. शर्यतीत तिने हेच तर केलं होतं!

दुसऱ्या दिवसापासून चिखलदऱ्याच्या घाटात सराव सुरू झाला. पावसाळ्यातल्या धुक्यात, थंडीत, मे महिन्यात ऊन तापायच्या आत. चिखलदरा काही हिमालय नव्हे, पण वऱ्हाडाच्या वाट्याला जेवढी उंची आली ती तिने पुरेपूर वापरली. सुरुवात मुद्दाम हळू. एसटीतले लोक खिडकीतून विचारत, "बाई, गाडी चुकली काय?" कोणी पुढे गेलं की तिचे पाय शिवशिवत, पण ती दात-ओठ खाऊन मागेच राही.

पुन्हा लडाख. या वेळी आधी जाऊन तिने विरळ हवेची सवय केली. शर्यत सुटली आणि वर्षाली सगळ्यांच्या मागे! मॅडमचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या चढावर मात्र पुढच्या पोरी वाकू लागल्या, थांबू लागल्या. हिचा दम शाबूत होता. शेवटच्या चढावर तिने तो मोकळा सोडला. एकेकीला मागे टाकत गेली, आणि छातीला फीत लागली तेव्हा तिच्या पुढे कोणीच नव्हतं.

"काय झालं वं?" फोनवर मायने विचारलं.

"माय, शेवटचा वाफा भिजला," वर्षाली रडता रडता हसली, "अन् पानी उरलं बी!"