होडीवालीचं उत्तर

आमच्या गावापाशी पापालोआपान नदी इतकी संथ वाहते, की दुपारी ती झोपलीच आहे असं वाटतं. वरून येणारी जलपर्णीची बेटं तेवढी हळूहळू पुढे सरकत असतात. धक्क्याजवळच्या निळ्या खांबांच्या ओसरीत निकानोरा उस्कांगा तळलेली केळी विकते. वर चुरलेलं चीज घालते. गिऱ्हाईक नसलं की झुलत्या खुर्चीत बसून नदीकडे बघते. सहकारी संस्थेतल्या माझ्या टेबलावरून ती मला रोज दिसते.

गोष्टी क्रमाने सांगायची मला सवय आहे, म्हणून आधी गाण्याचं सांगतो.

‘होडीवाली’ हे गाणं कुणी रचलं ते कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे सणाला चौकात फळ्यांचा बुटका चौथरा मांडतात, त्याला तारिमा म्हणतात. त्यावर आपटणाऱ्या टाचा हाच आमचा ढोल. गाणारा समोरच्या एकाच माणसाकडे बघून कडवं विचारतो आणि त्याच माणसाने उत्तराचं कडवं गायचं असतं. उत्तर घरात बसून कुणाला सांगायचं नाही. न विचारता तर गायचंच नाही.

निकानोराला तरुणपणी हे कडवं सेरापियोने विचारलं:

होडीवाली, सांज उतरली,
दूर राहिला गाव;
जागा असेल एका जिवाची
तर घे माझं नाव.

तिने उत्तर दिलं आणि त्यांचं लग्न झालं. पुढे सेरापियो आपलं तंतुवाद्य पाठीला अडकवून राजधानीत गेला. तिथे त्याच्या आवाजात या गाण्याची तबकडी निघाली. तबकडी लहान, समोर बाई नाही, नुसता मायक्रोफोन. त्याने प्रश्नच दोनदा गायला आणि गाणं संपलं.

मग ते गाणं जगभर हिंडलं. कुणी त्याला व्हायोलिनं जोडली. उत्तरेतल्या पोरांनी विजेच्या गिटारींवर ते पळवलं. समुद्रापलीकडच्या एका बाईने ते स्वतःच्या भाषेत इतक्या हळू गायलं, की ऐकताना डोळे मिटावेत. हल्ली हॉटेलांत ते शब्दांवाचूनही वाजतं. पण सगळ्यांनी ते तबकडीवरून उचललेलं, त्यामुळे उत्तर कुणाकडेच नाही. आणि आम्ही तरी काय केलं? रेडिओ ऐकून ऐकून आमचंच गाणं आम्ही पुन्हा शिकलो, तेही अर्धंच. आमच्या तारिमावरही गाणारे लोकांकडे तोंड करून प्रश्न दोनदा गायचे आणि टाळ्या घ्यायचे.

सेरापियो परतला नाही. त्याच्या मरणाची बातमी एका बसड्रायव्हरने आणली. निकानोराने रीतीप्रमाणे काळे कपडे घातले, मग पुन्हा केळी तळायला घेतली.

गेल्या वर्षापासून तिचा आवाज बसत चालला. तिच्या त्या उत्तराचे शब्द आता दुसऱ्या कुणालाच आठवत नव्हते; तिच्याबरोबर उत्तरही जाणार, अशी गावाला रुखरुख लागली. शहरातून एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली. मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने ‘दोन्या’ म्हणतात, तिनेही तशीच हाक मारली.

“दोन्या निकानोरा, तेवढं कडवं सांगा ना.”

“केळी खा, पोरी. गरम आहेत.”

“पण उत्तर?”

“तू विचारलंस कुठे? तू मागतेयस.”

शेजारी खुर्ची दुरुस्त करत बसलेला फिदेन्सियो हसला. हा होड्या बांधणारा सुतार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर सणाला तारिमाच्या सैल फळ्या तोच ठोकून देतो. निकानोराच्या ओसरीत त्याचं काही ना काही दुरुस्तीचं काम कायम निघालेलं असतं.

“हसायला काय झालं रे?” निकानोरा म्हणाली. “खुर्ची तीच आणि पायही तोच. किती दिवस दुरुस्त करणार?”

“लाकूड हट्टी आहे, दोन्या.”

“लाकूड नव्हे, सुतार भित्रा आहे.”

फिदेन्सियोने मान खाली घातली आणि खिळा वाकडाच ठोकला.

फेब्रुवारीत कांदेलारिया मातेचा सण आला. मूर्ती होडीतून नदीभर फिरून परतली होती. उन्हं कलती होती, पाण्यावर फुलं तरंगत होती. शहरातला वाद्यवृंद लाउडस्पीकरच्या मोठ्या कर्ण्यांवर ‘होडीवाली’ची नवी, वेगवान चाल वाजवत होता. तारिमा रिकामा होता. निकानोरा कडेच्या बाकावर बसलेली.

फिदेन्सियो उठला. कर्ण्यांकडे पाठ करून तारिमावर चढला आणि टाच हळू आपटू लागला. जवळच्या दोघांनी आपली जुनी वाद्यं उचलून त्याचा ठेका धरला. कुणीतरी वाद्यवृंदाला हात केला आणि कर्णे थांबले. फिदेन्सियो निकानोराकडे बघून गायला. आवाज कापरा होता, पण शब्द एकही चुकला नाही. ‘तर घे माझं नाव’ म्हणून तो थांबला.

उत्तर द्यायचं की नाही, हा विचारलेल्याचा हक्क. वाद्यं तोच ठेका फिरवत राहिली. जलपर्णीचं एक बेट धक्क्याला लागलं, वळलं आणि पुढे गेलं. सेरापियोला दिलेलं उत्तर तिच्या ओठांवर येतंय असं मला वाटलं. म्हाताऱ्या बायका तर पुढे झुकल्याच होत्या. निकानोरा उठली, फळ्यांवर चढली, दोनदा टाच आपटली आणि बसक्या आवाजात गायली:

होडी जुनी, तळाशी पाणी,
वल्हं एकच, तेही जड;
बसायचं तर बस रे बाबा,
आधी पाणी उपसून काढ.

हे कडवं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. चौकात हशा फुटला. फिदेन्सियोने हॅट काढून तिच्या डोक्यावर ठेवली. नाचाला बोलावण्याची आमच्याकडची रीतच ती. हॅट तिच्या भुवयांपर्यंत घसरली.

“आणि जुनं उत्तर?” माझ्या शेजारची बाई हळहळली.

निकानोराने ते ऐकलं. “ते त्याचं होतं,” ती नाचता नाचता म्हणाली. “ज्याने विचारलं, तो घेऊन गेला.”

दुसऱ्या दिवशी मी टेबलावरून पाहिलं. ओसरीत फिदेन्सियो झुलत्या खुर्चीत बसला होता आणि निकानोरा त्याच्या हातात झारा देत होती.