कमरेवरची काळी खपली

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोर तर नाहीच — तिथे मी हात जोडतो आणि पटकन बाहेर येतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

रत्नागिरीत माझं पंधरा खाटांचं रुग्णालय आहे. मी फार बारकाईने तपासतो, अशी माझी ख्याती. तापाची बाई आली की आधी पडदा ओढायला लावतो आणि सिस्टरला सांगतो — परकराची नाडी सैल करा, तिच्याखाली नीट बघा. नव्या डॉक्टरांना याचं कौतुक वाटतं. ही सवय सरांना कधीपासून लागली, असं मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

संगमेश्वरकडची एक बाई होती — सुलोचना. चाळिशीची असेल. भातकापणी उरकून गवत कापायचे दिवस होते. ताप, अंगदुखी, डोळे लाल. शेतातली बाई, म्हणजे लेप्टोच — चिखलपाण्यातून लागणारा ताप — असं मी ती बाकावरून उठायच्या आत ठरवून टाकलं. छाती तपासली. पोट दाबून पाहिलं — साडीवरूनच. दुपारचा दीड वाजला होता, सिस्टर जेवायला गेली होती, बाईचा दीर शेजारी उभा होता. मला संकोच वाटला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे. घरी बांगड्याचं तिखलं झालं होतं आणि मला भूक लागली होती.

लेप्टोची इंजेक्शनं सुरू केली. ताप हलेना. चौथ्या दिवशी तिला धाप लागली. आमच्या आयामावशी तिचं अंग पुसत होत्या, त्यांनी मला हाक मारली. “डॉक्टर, हा डाग कधीचा वो?”

परकराची नाडी बांधतात तिथे, कमरेवर, करंगळीच्या नखाएवढी काळी, सुकलेली खपली. सिगारेटचा चटका द्यावा तशी. गवतातला बारीक किडा चावला की अशी खपली धरते आणि मग तो ताप येतो — स्क्रब टायफस. परीक्षेला बसलेलं पोरही हे सांगेल. त्याला लागणारी साधी गोळी माझ्या टेबलाच्या खणात पडून होती.

मी काही बोलायच्या आत तिची जाऊ म्हणाली, “तो तर आठ दिस हाय. नाडी लागते म्हणून कुरकुरायची ती.”

गोळी पूड करून नाकातल्या नळीतून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचना गेली.

इथवर मी चुकलेला डॉक्टर होतो. चुका कुणाच्या हातून होत नाहीत? पण माझं खरं पाप याच्या पुढे आहे — आणि ते मी शांतपणे, खुर्चीत बसून, चहा पीत केलं.

आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी ही केस मांडली. पडद्यावर खपलीचा फोटो होता. खाली मी लिहिलं होतं: दाखल करताना सर्वांग तपासले, खपली आढळली नाही, चौथ्या दिवशी दिसून आली. एकच ओळ. कुणाला शंका आली नाही, कशी यावी? टाळ्या पडल्या. पुढे ती केस डॉक्टरांच्या एका नियतकालिकात छापून आली. शेवटी तात्पर्यही दिलं होतं — काही रुग्णांत खपली उशिरा उमटते. जाऊचं बोलणं मी त्यात कुठेच घेतलं नाही.

मग गेल्या वर्षी मंडणगडहून एका तरुण डॉक्टरबाईंचा फोन आला. एकोणीस वर्षांची मुलगी, असाच ताप. मुलगी लाजत होती म्हणून यांनी पहिल्या दिवशी कंबर पाहिली नाही. “सर, तुमचा लेख वाचला होता. खपली उशिरा येते ना, म्हटलं दोन-तीन दिवसांनी बघू.” बघितली तेव्हा होतीच. मुलगी वाचली नाही. फोनवर त्या रडत होत्या. “सर, माझं चुकलं का?”

तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? एकच वाक्य होतं. मी म्हणालो, “नाही डॉक्टर, तुमची काही चूक नाही.” त्यांनी माझे आभार मानले. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, आणि तरी मी आवाज खाली येऊ दिला नाही.

महिन्याभराने त्यांनी आपली केस लिहून मला तपासायला पाठवली. त्यात माझ्या लेखाचा आधार दिला होता, आणि एक वाक्य असं होतं: दाखल करताना खपली आढळली नाही. न बघितलेल्याचं ‘आढळली नाही’ कसं करायचं, ते त्या माझ्याकडूनच शिकल्या होत्या. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, छान लिहिलंय म्हणून कळवलं. तीही छापून आली. आता अशा दोन केसेस आहेत, आणि दोन झाल्या की डॉक्टर मंडळी विश्वास ठेवतात.

माझी केस अशी लिहायला हवी होती: रुग्ण सुलोचना, ताप. खपली पहिल्या दिवशी होती. डॉक्टरने बघितलं नाही.